गाठींची म्होरकी आणि १२ फुटी दोर: सोडवून आणलेल्या घोड्यासाठी कितपत कामाचे?

हाल सोसलेला, माणसाला बुजणारा घोडा दत्तक घेतला की खरेदीच्या यादीत गाठींची दोरीची म्होरकी हमखास असते. वस्तू चांगलीच आहे, जरूर घ्या. फक्त पहिले काही आठवडे ती खुंटीवरच राहू द्या, आणि ‘अवखळ घोड्यांसाठी खास’ म्हणून जी विकली जाते नेमकी तीच घेऊ नका.

पट्ट्याच्या म्होरकीत ताण रुंद जागेवर पसरतो. घोडा त्यावर खुशाल रेलतो आणि माणसालाच ओढत नेतो. दोरीची म्होरकी एकाच सलग दोरीची असते, जाडी साधारण ६ ते ८ मिमी. ताण बारीक रेषेवर येत असल्याने घोड्याला तो लगेच कळतो आणि दोर सैल केला की लगेच जातोही. घोडा शिकतो तो या जाण्यामुळेच. म्हणून दोरी कडक, गोफासारखी घट्ट विणलेली हवी. म्होरकी एका बोटावर टांगून पाहा. लोळागोळा होऊन लोंबली तर ती नाकाला चिकटून राहील, आणि तुम्ही दोर सोडला तरी घोड्याला सुटका जाणवणार नाही.

नाकावरच्या दोरीला २ गाठी पुरेत. ‘खास’ म्हणतात त्या म्होरक्यांना ४ गाठी असतात आणि दोरीही ६ मिमीची, म्हणजे टोचणी दोन्हीकडून. तोंडाला हिसके बसूनच जो बिथरला, त्याला आणखी टोचणारी वस्तू कशासाठी? ८ मिमी, २ गाठी, एवढंच पाहून घ्यावं.

म्होरकी खुंटीवर का, तर आधी पोट. अंगाची स्थिती १ ते ९ अंकांत (१ म्हणजे पार खंगलेला, ९ म्हणजे फार लठ्ठ) मोजायची हेनेके पद्धत १९८३ पासून रूढ आहे. त्यात १ किंवा २ वर असलेल्या घोड्याला काहीही शिकवायचं नसतं. दयेपोटी चंदीचा तोबरा भरून देणं ही तर सर्वांत महागात पडणारी चूक. उपाशी शरीरात एकदम पिष्ट गेलं की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं आणि उपासातून वाचलेला घोडा खायला मिळाल्यावर दगावू शकतो. पशुवैद्याच्या देखरेखीखाली वाळलेला लसूणघास, पहिले ३ दिवस दर ४ तासांनी अर्ध्या किलोच्या आसपास, मग हळूहळू वाढवत. याच काळात दात, खूर, पाठ आणि जठरातले व्रण तपासून घ्या. खोडी समजून ज्यावर आपण काम करायला निघतो ते पुष्कळदा दुखणंच असतं. नाकाच्या हाडावर जुनी जखम असेल तर ही म्होरकी बादच. तिथे मऊ अस्तराचा रुंद पट्टा वापरा.

आता चढवणं. डाव्या खांद्याशी उभं राहून गुंडाळलेला दोर आधी मानेवर टेकवा. घोडा सरकला तर त्याच्याबरोबर सरका, पण दोर उचलू नका. तो थांबला, कान ढिले पडले, की काढा. सरकत असताना काढलात तर ‘पळालो की सुटतो’ हाच धडा तो पक्का करतो. ५ ते १० मिनिटांच्या दोन बैठका दिवसाला बास. मानेवर दोर चालू लागला की म्होरकीचा घेर उघडा धरून नाकाखाली ठेवा, नाक त्याने स्वतः आत घालायचं. आणि निव्वळ स्तब्धतेला भुलू नका. डोळा लवत नाही, नाकपुडीला ताठ कंगोरा आलाय, मान वर: तो शांत झालेला नाही, गोठलाय. असा घोडा काही कळायच्या आत दुगाण्या झाडतो. डोळे मिचकावणं, मान खाली सोडणं, लांब उसासा, यांची वाट पाहायची.

मापात बहुतेकांचं चुकतं. नाकावरची दोरी गालाच्या हाडाचं टोक संपतं त्याच्या २ बोटं खाली हवी. आणखी खाली घसरली तर ती मऊ कूर्चेवर दाब देते. बांधताना मोकळं टोक म्होरकीच्या गालाजवळच्या फासातून खालून वर घ्या, फासाच्या मागून वळवा आणि स्वतःच्याच खालून काढा. गाठ फासाला धरून बसली पाहिजे. फास सोडून वर, एकेरी दोरीवर मारली तर ओढ बसताच ती अशी आवळते की सुटता सुटत नाही. टोक डोळ्यापासून लांब, मानेकडे. घोडा भरत जातो तसं हे माप बदलतं, तेव्हा दर पंधरवड्याला पुन्हा पाहा.

दोर १२ फुटी, १२ ते १४ मिमी, दुहेरी विणीचा पॉलिएस्टरचा. त्याला थोडं वजन असतं, त्यामुळे हाताची बारीक हालचालही पुढे पोचते. नायलॉन ताणला जातो आणि हातातून सरकला की तळवा भाजतो. सुती दोर हाताला मऊ, पण पाणी पितो आणि कुजतो. जड कडीचा दोर हनुवटीखाली सतत आदळतो, भित्र्या घोड्याला ती विनाकारण टोचणी. फासाने अडकवायचा घ्यावा. घाईत तो लवकर सुटत नाही, हा त्याचा तोटा खराच. हातमोजे घालाच, आणि हाताला दोराचा वेढा कधीही नको.

मागे सरकवताना आधी दोराचा ढिलेपणा काढा, हलका ताण धरा, थांबा. पाय उचलण्याची वाट पाहायची नाही. वजन मागे झुकलं त्या क्षणी सोडा. सुटकेला सेकंदाचा उशीर झाला तरी घोडा भलत्याच हालचालीशी तिची सांगड घालतो. तालीम माणसावर करून घ्यावी: एकाने डोळे मिटून म्होरकी हातात धरायची, दुसऱ्याने दोर हलवायचा. आपला हात किती जड आहे ते तिथेच कळतं.

या म्होरकीचा मोठा दोष म्हणजे ती तुटत नाही. ती घालून घोडा पक्का बांधला आणि तो घाबरून मागे रेटला तर कानांमागे आणि मानेला गंभीर इजा होते. कुरणात किंवा तबेल्यात अंगावर ठेवली आणि कुंपणात अडकली, तरी तेच. बांधायला चामड्याची किंवा झटक्यात तुटणाऱ्या पट्टीची म्होरकी वेगळी ठेवा, आणि दोर घर्षणाने हळूहळू सरकू देणारी कडी लावा. गाठींची म्होरकी फक्त माणसाच्या हातात दोर असेपर्यंत.

धुताना थंड पाणी. कपडे मऊ करायचं द्रव घालू नका, दोरी लुळी पडते आणि ज्यासाठी पैसे मोजले तो कडकपणाच जातो. फासाजवळची शिवण उसवायला लागली की दोर बदला.