बिनजादूचा फायटर: २०२४ चं 'प्लेअर्स हँडबुक'

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या साहसकथांच्या खेळातला मंत्र न येणारा फायटर (योद्धा) म्हणजे नुसती हाणामारी, ही तक्रार नियमपुस्तकाच्या या आवृत्तीनं बरीच मिटवली. श्रेय वेपन मास्टरीचं, म्हणजे प्रत्येक शस्त्राच्या खास डावपेचाचं. पहिल्याच लेव्हलला ३ शस्त्रांची मिळते. वॉरहॅमरचा (युद्धातल्या हातोड्याचा) घाव बसला की शत्रू १० फूट मागे ढकलता येतो. ते टाळायला शत्रूला बचावाचा फासाही टाकता येत नाही. फार अवाढव्य प्राणी तेवढे हलत नाहीत. देवगिरीच्या खंदकावरच्या अरुंद पुलावर लढाई मांडून बघा, डाव कसा रंगतो ते! दुसऱ्या लेव्हलपासून कौशल्याचा फासा फसला तर सेकंड विंड (स्वतःच्या जखमा भरून काढायची, मोजक्या वेळा वापरता येणारी शक्ती) वापरून १० बाजूंच्या फाशाची भर घालता येते. तरीही फसलं तर ती खर्ची पडत नाही. अप्रतिम नियम. अडतं ते उडणाऱ्या शत्रूपुढे. ताकदीवर बेतलेल्या फायटरचा धनुष्यावर नेम बसत नाही, म्हणून ५-६ फेकभाले जवळ ठेवाच: ३० फुटांपर्यंत सरळ मारा, पुढे १२० पर्यंत दोन फाशांतला कमी धरायचा.