पोट डब्ब होतं: ताटातलं काही कमी करायचं, की जेवणाभोवतीच्या सवयी?

सकाळी पोट सपाट असतं, दुपारी जेवल्यावर पट्टा एक भोक सैल करावा लागतो आणि दिवेलागणीपर्यंत गुबारा धरतो. अशा माणसाला घरातून दोन सल्ले मिळतात. एक म्हणतं, "डाळी-उसळी बंद कर, वातूळ असतात." दुसरं म्हणतं, "सावकाश जेव आणि शतपावली घाल." दोन्ही सल्ले खरे आहेत, पण ते वेगवेगळ्या पोटांसाठी आहेत. दोन्ही एकदम सुरू केले तर कशामुळे बरं वाटलं हेच कळत नाही.

मी दीड महिना हरभरा, कोबी, तूरडाळ सगळं सोडून पाहिलं होतं. पोट होतं तसंच राहिलं. त्या काळात माझं जेवण दहा मिनिटांत, फोनवर बोलता बोलता उरकायचं आणि दोन-दोन दिवस पोट साफ होत नसे. मी चूक ताटात शोधत होतो, ती ताटाबाहेर होती.

निवड करायला सगळ्यात उपयोगी पडतं ते म्हणजे वेळ बघणं. जेवताना किंवा जेवून उठता उठता पोट फुगत असेल, ढेकर येत असतील, तर बहुधा घाईत गिळलेली हवा, सोडायुक्त पेयं किंवा एका बैठकीत झालेलं जास्त जेवण यांचा संबंध असतो. काही तासांनी फुगून वायू सरत असेल, तर लहान आतड्यात न पचलेलं अन्न मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना मिळतंय. दिवसभर जड वाटून शौचाला झाल्यावरच मोकळं वाटत असेल, तर आधी बद्धकोष्ठाकडे बघा. एक गोष्ट मात्र फसवते. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हालचाल करू लागतं. त्यामुळे रात्री वरण-भात खाताच पोट फुगलं, तरी तो वायू दुपारच्या उसळीचा असू शकतो. म्हणून आठवडाभर वहीत तीन गोष्टी लिहा: काय खाल्लं, कधी फुगलं, शौचाला कधी झालं.

वहीत ठराविक पदार्थ दिसत नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे: आधी सवयी. खर्च नाही, पोषण जात नाही आणि दोन-तीन आठवड्यांत फरक कळतो. जेवणाला वीस मिनिटं द्या, घास नीट चावा, च्युइंगगम सोडा. जेवल्यावर लगेच वामकुक्षी घेण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटं संथ चाला. हलक्या हालचालीने आतड्यातला वायू पुढे सरकतो. सकाळी शौचाची एक वेळ ठरवा आणि कमोडवर पायांखाली छोटा पाट घ्या, म्हणजे उकिडवं बसल्यासारखे गुडघे वर येतात. भाज्या-फळं वाढवायची असतील तर हळूहळू वाढवा. एकदम वाढवलेल्या चोथ्यानेही पोट फुगतं. त्या मानाने इसबगोल आतड्यात कमी आंबतो. तोही थोड्यापासून सुरू करावा, भरपूर पाण्याबरोबर.

आणखी एक कारण क्वचितच कुणी सांगतं. पुष्कळदा पोटातला वायू इतरांइतकाच असतो, पण आतडं हळवं झालेलं असतं. त्या अस्वस्थतेत श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा) खाली दाबलं जातं, पोटाचे स्नायू सैल पडतात आणि पोट खरोखर पुढे येतं. अशा पोटाला पदार्थ सोडण्यापेक्षा रोज पाच-दहा मिनिटं शांत बसून घेतलेला संथ श्वास जास्त उपयोगी पडू शकतो.

आता ताट. वहीत दूध आणि फुगणं लागोपाठ दिसत असेल, तर दोन आठवडे दूध बंद करून पाहणं सोपं आहे, आणि दुधाचा चहाही त्यात धरा. दुधातली साखर पचवणारं विकर (एन्झाइम) आपल्याकडे अनेकांत वयाबरोबर कमी होतं. विरजल्यावर ती साखर थोडी घटते, म्हणून दही-ताक पुष्कळांना चालतं.

डाळींच्या बाबतीत सोडण्याआधी शिजवण्याची रीत बदला. कडधान्यांतल्या काही शर्करा पचवणारं विकर माणसाच्या शरीरात नसतंच. भिजवून पाणी फेकलं, मोड आणले की त्या कमी होतात. वाल रात्रभर भिजवून, मोड आणून, सोलून बिरडं करायची आपली पद्धत कष्टाची असली तरी पोटाला मानवते. शाकाहारी घरात डाळच काढली तर प्रथिनं कुठून आणायची, हाही प्रश्न आहे.

सगळ्यात कडक पर्याय म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठात विकसित झालेला 'लो फॉडमॅप' आहार, म्हणजे आतड्यात आंबून वायू करणाऱ्या शर्करा कमी असलेला आहार. त्यात गहू, कांदा, लसूण, बहुतेक डाळी, दूध असं बरंच काही 2 ते 6 आठवडे काढतात आणि मग एकेक करून परत आणतात. आतडं हळवं असलेल्या अनेकांना त्याचा खरोखर फायदा होतो. पण मराठी ताटातून पोळी, कांदा आणि आमटी गेली की उरतं थोडंच: भात, ज्वारीची भाकरी, निवडक भाज्या. म्हणून सवयी बदलूनही फरक पडला नाही तरच, आणि आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. कायमचा तर नकोच, कारण त्यात आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचंही खाणं तुटतं. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या घरांना निम्मी परीक्षा आयतीच मिळते. त्या महिन्यांत हलकं वाटलं तर वहीत लिहा. लसणाचा त्रासदायक भाग पाण्यात विरघळतो, तेलात नाही. तेव्हा पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्या, तर फोडणीला वास राहतो आणि पोट शांत राहतं.

ओवा-हिंग तात्पुरता आराम देतात, जरूर घ्या. फ्रूट सॉल्टने मात्र जठरातच वायू तयार होऊन ढेकर येतो, मोठ्या आतड्यातला फुगारा तसाच राहतो. शिवाय त्यात सोडिअम भरपूर असतं, म्हणून रक्तदाब असलेल्यांनी रोज घेऊ नये.

काही पोटांना मात्र या दोन्ही वाटा लागू नाहीत. वजन आपोआप घटणं, शौचातून रक्त, सतत उलट्या, रक्त कमी होणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच शौचाची सवय बदलणं, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर. पन्नाशीच्या आसपासच्या किंवा पुढच्या बाईचं पोट नव्यानेच महिन्यात बारापेक्षा जास्त दिवस फुगत असेल, दोन घासांत पोट भरत असेल, तर "गॅस आहे" म्हणून थांबू नका. अंडाशयाचा कर्करोग सुरुवातीला असाच वाटू शकतो. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि सोनोग्राफीबद्दल स्वतःहून विचारा.