एका रात्रीत की टप्प्याटप्प्याने?

संस्थेत नवी प्रणाली आणायचं ठरलं की पहिला वाद हाच: सगळं एकदम बदलायचं की एकेक विभाग घेत जायचं?

एकदम बदलात जुनं आणि नवं शेजारीशेजारी चालवावं लागत नाही. दुहेरी नोंदी नाहीत, ‘आमच्याकडे अजून जुनंच चालतं’ ही पळवाट नाही. काही बदल तर तुकड्यांनी होऊच शकत नाहीत. स्वीडनने 3 सप्टेंबर 1967 रोजी पहाटे 5 वाजता डावीकडची वाहतूक उजवीकडे नेली. अर्ध्या गाड्या आधी आणि अर्ध्या नंतर, असं कसं चालणार? पण निर्णय 1963चा होता. त्या एका पहाटेमागची चार वर्षं नेमकी विसरली जातात.

तयारी कच्ची असेल तर? ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल 2018मध्ये 50 लाखांहून अधिक ग्राहकांची खाती एकाच शनिवार-रविवारी नव्या प्रणालीवर हलवली. असंख्य लोकांना आपली खाती वापरता येईनात. सगळं सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला आणि 2022मध्ये नियामकांनी सुमारे 4 कोटी 86 लाख पौंडांचा दंड ठोठावला.

टप्प्यांत चूक एका विभागापुरती राहते, पुढचे त्यातून शिकतात. किंमत वेळेची: लोक कंटाळतात, वरिष्ठ बदलतात, तिसऱ्या टप्प्यावर गाडी अडते. तरी माझा कल टप्प्यांकडेच, पण जुनी प्रणाली बंद करण्याची तारीख पहिल्याच दिवशी जाहीर झाली असेल तर.