पातळ थरांच्या विहिरीत कोणती प्रतिमा घ्यावी, विद्युत की ध्वनी?

नागपुरात भूविज्ञान शिकलेल्याचे डोळे कोअरच्या, म्हणजे जमिनीतून अखंड काढलेल्या दगडी नळकांड्यांच्या, पेट्यांवर तयार होतात. कोळशाच्या बोअरमधला दगड थर न् थर समोर मांडलेला असतो. तेल-वायूच्या विहिरीत ती चैन नाही. कोअर मोजकाच निघतो, बाकी सारी भिस्त लॉगवर, म्हणजे विहिरीत साधनं सोडून घेतलेल्या मोजमापांवर, आणि पातळ थरांत नेहमीचे लॉग हमखास दगा देतात.

समजा, अर्धी वाळू, अर्धं शेल (चिकणमातीचा खडक), थर दोन-तीन सेंटिमीटरचे. तेलाच्या वाळूची रोधकता, म्हणजे विजेला होणारा अडथळा, 20 ओहम-मीटर, शेलची 1. रोधकता मोजणारा इंडक्शन लॉग फूट-दोन फूट खडकाचं मिळून एकच वाचन देतो. उभ्या विहिरीत आडव्या थरांतून करंट शेलची सोपी वाट धरतो आणि आकडा येतो जेमतेम 1.9. रोधकता कमी म्हणजे पाणी, एवढ्यावर चांगला झोन पाण्याचा म्हणून सोडून दिला जातो.

अशा वेळी विहिरीच्या भिंतीची प्रतिमा घेतात, विजेने किंवा ध्वनीने. मड, म्हणजे खोदताना विहिरीत फिरवला जाणारा चिखल, पाण्यात कालवलेला असेल तर माझं मत सरळ विद्युत प्रतिमेला. भिंतीला टेकलेल्या पॅडवरची बटणं सुमारे 5 मिलिमीटरपर्यंतचा बारकावा टिपतात. शेल गडद, तेलाची वाळू उजळ, त्यामुळे थर अक्षरशः मोजता येतात. आठ इंची विहिरीत साधारण 80 टक्के भिंत दिसते, पॅडमधल्या पट्ट्या कोऱ्या राहतात. थर मोजायला तेवढं पुरतं.

ध्वनी प्रतिमा पूर्ण वेढा दाखवते, तेलात कालवलेल्या मडमध्येही चालते. भेगा आणि भिंतीची पडझड पाहायला ती उत्तमच. पण वाळू-शेलमधला फरक तिच्यात बहुधा फिका उतरतो, आणि जड मडमध्ये सिग्नल विरतो. म्हणून मड तेलाचा असला तरी पातळ थरांसाठी आधी तेलाच्या मडसाठीच बनवलेलं विद्युत साधन मागा. त्याच्या जुन्या पिढीचा बारकावा मात्र सेंटिमीटरांत आहे, तेव्हा साधन कोणत्या पिढीचं ते विचारूनच ऑर्डर द्या.

दोन्हींपैकी कोणतीही प्रतिमा तेल किती ते सांगत नाही. ती वाळूचा वाटा देते. सोबत त्रिअक्षीय इंडक्शन (आडवी आणि उभी रोधकता वेगवेगळी मोजणारा लॉग) घेतला, तर वरच्याच उदाहरणात उभी रोधकता 10.5 मिळते, आणि वाळूचा वाटा ठाऊक असल्याने हिशोब पुन्हा 20 वर पोचतो. विहीर तिरकी असेल तर आधी प्रतिमेवर तिरका थर ज्या लाटेसारख्या साइन वक्रात उमटतो त्यावरून थरांचा कल काढून खरी जाडी घ्या, नाहीतर वाळू फुगून दिसेल. उजळ-गडदची सीमा कुठे धरायची हेही अंदाजाने ठरवू नका. त्यासाठी त्याच झोनमधला थोडा तरी कोअर काढा.