छत्री की केबल? बिल, पाऊस आणि केबलवाला

निकाल आधी सांगून टाकू. ज्या सोसायटीत केबलवाला फोन उचलतो आणि लाइट गेल्यावरही त्याची लाइन चालू राहते, तिथे केबल घ्यावी. यातली एकही गोष्ट नसेल तर गच्चीवर टीव्हीची छत्री, म्हणजे डीटीएचची डिश, बसवावी. ‘केबल स्वस्त, डिश महाग’ हा हिशेब आता जुना झाला. वाहिन्यांचे दर दोन्हीकडे सारखेच असतात, कारण ते वाहिनीवाले ठरवतात. फरक पडतो तो बिलातल्या दोन-तीन ओळींत आणि बिघाडाच्या दिवशी.

आधी बिल. २०१९ च्या फेब्रुवारीपासून ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामकाची, नवी दररचना लागू झाली आणि बिलाचे तीन भाग पडले: नेटवर्क कपॅसिटी फी म्हणजे एनसीएफ, पैसे भरून बघायच्या वाहिन्यांचे दर, आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. सुरुवातीला एनसीएफ १०० वाहिन्यांना जास्तीत जास्त १३० रुपये होती. करासकट १५३ रुपये ४० पैसे, हा आकडा त्या वर्षी घराघरात पाठ झाला होता. २०२० च्या दुरुस्तीनंतर त्याच १३० रुपयांत २०० वाहिन्या द्याव्या लागल्या आणि त्याहून जास्त कितीही घेतल्या तरी कमाल १६० रुपये ठरले. मोजताना एक एचडी वाहिनी दोन साध्या (एसडी) वाहिन्यांइतकी धरतात. दूरदर्शनच्या सक्तीच्या वाहिन्या या २०० मध्ये येत नव्हत्या.

खरा बदल जुलै २०२४ मध्ये झाला आणि त्याची चर्चा फारच कमी झाली. ट्रायने एनसीएफवरची कमाल मर्यादाच काढून टाकली. बसवणी, तंत्रज्ञाची भेट, जागा बदलणं यांच्या शुल्कावरचीही काढली. कंपनीने आपले दर जाहीर करायचे, एवढीच अट उरली. भाग, वाहिन्यांची संख्या आणि ग्राहकाचा प्रकार बघून वेगवेगळी एनसीएफ लावायचीही मुभा मिळाली. त्यामुळे मावसभावाला नाशकात अमुक दरात मिळतं म्हणून आपल्याला साताऱ्यात तेवढ्यातच मिळेल, असं धरून चालू नये. आपल्या बिलावर एनसीएफची वेगळी ओळ आहे का ते बघा. नसेल तर मागा. जो केबलवाला वहीच्या कागदावर ‘३५०’ एवढंच लिहून देतो, त्याच्याकडे छापील पावतीचा आग्रह धरायला हरकत नाही. तपशीलवार बिल हा ग्राहकाचा हक्क आहे.

आता पॅक. पैसे जातात ते इथेच. वाहिनीची किंमत १९ रुपये किंवा त्याहून कमी असेल तरच ती गटात, म्हणजे वाहिनीवाल्यांच्या एकत्र पॅकमध्ये, घालता येते आणि गटावर जास्तीत जास्त ४५ टक्के सवलत देता येते. हा नियम २०२२ च्या नोव्हेंबरचा, लागू झाला २०२३ च्या फेब्रुवारीत. समजा एका वाहिनी कंपनीच्या गटात १९ रुपयांच्या चार वाहिन्या आहेत (७६ रुपये) आणि बाकी आठ किरकोळ वाहिन्या मिळून २४ रुपयांच्या. सुट्या दराने झाले १०० रुपये, म्हणजे गट ५५ च्या खाली देता येत नाही. घरात त्यातल्या दोनच वाहिन्या लागत असतील तर सुट्या घेतल्यास ३८ रुपये. तीन लागत असतील तर ५७, म्हणजे गट दोन रुपयांनी स्वस्त. लक्षात ठेवायचं ते एवढंच: हव्या त्या वाहिन्यांची बेरीज गटाच्या दरापेक्षा कमी असेल तर सुट्या घ्या, नाहीतर गट घ्या.

अशा तीन कंपन्यांचे गट घेतले तर एनसीएफ १३० अधिक १६५, झाले २९५. करासकट ३४८ रुपये १० पैसे. तेच प्रत्येकाच्या दोन-दोन वाहिन्या सुट्या घेतल्या तर २४४; करासकट २८७ रुपये ९२ पैसे. महिन्याला साठ रुपये, वर्षाला सातशेच्या वर. आकडे उदाहरणाचे आहेत, पण आपल्या घरचा हिशेब याच रीतीने करायचा. मराठी वृत्तवाहिन्या बहुतेक मोफत किंवा अगदी नाममात्र दराच्या असतात. त्या ‘मिळतात’ म्हणून मोठा पॅक घेण्यात काही अर्थ नाही.

सुट्या वाहिन्या निवडायची सोय छत्रीच्या कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये सरळ असते. केबलवर मात्र बहुतेक ठिकाणी केबलवाला स्वतःचा तयार पॅक पुढे करतो, कारण दोनशे घरांना एकच पॅक असला की त्याचं काम सोपं होतं. सुट्या वाहिन्या द्यायला त्याला नाही म्हणता येत नाही. ज्या एमएसओची लाइन तो चालवतो, त्या मोठ्या केबल कंपनीच्या अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर आपला बॉक्स क्रमांक टाकून निवड करता येते. तिथेच पॅकची शेवटची तारीखही दिसते. वर्षाचे पैसे रोख दिले असतील तर ती तारीख जरूर बघा. पैसे वर्षाचे आणि पॅक महिन्याचा, हा प्रकार अगदीच दुर्मीळ नाही.

दुसऱ्या टीव्हीला वेगळा बॉक्स लागतो आणि बिलही वेगळं लागतं. २०२० च्या नियमात दुसऱ्या टीव्हीची एनसीएफ पहिल्याच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त नसावी असं होतं, म्हणजे ५२ रुपये अधिक कर. आता तीही ज्याच्या त्याच्या दराप्रमाणे. महत्त्वाचं म्हणजे पैसे भरायच्या वाहिन्या दुसऱ्या बॉक्सवरही पुन्हा मोजल्या जातात. आजीच्या खोलीतल्या टीव्हीवर क्रिकेटचा गट कशाला हवा? दुसऱ्या बॉक्सला वेगळा, छोटा पॅक मागून घ्या.

इथपर्यंत दोघं जवळपास बरोबरीत. पाऊस आला की वाटा वेगळ्या होतात.

छत्रीला सिग्नल केयू बँडवर, म्हणजे साधारण ११-१२ गिगाहर्ट्‌झवर येतो. जोरदार सर पडली की पाण्याचे थेंब तो शोषून घेतात आणि पडदा कोरा होतो. सर ओसरली की चित्र परत येतं. याला इलाज नाही, पण पावसाच्या भुरभुरीतही चित्र जात असेल तर तो पावसाचा दोष नव्हे. तिथे छत्री थोडी हललेली असते आणि सिग्नल मुळातच काठावर असतो. कोरड्या दिवशी बॉक्सच्या मेनूत सिग्नलची ताकद आणि दर्जा असे दोन पट्टे बघा. ताकद भरपूर आणि दर्जा कमी असेल तर दिशा चुकलेली आहे. दोन्ही कमी असतील तर वायर, कनेक्टर किंवा एलएनबी, म्हणजे छत्रीपुढच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा भाग.

केबलवाल्याकडेही वाहिन्या उपग्रहावरूनच येतात. पण त्याच्या हेडएंडवरच्या, म्हणजे जिथून वाहिन्या केबलमध्ये सोडतात त्या केंद्रावरच्या, मोठ्या छत्र्या सी बँडच्या, म्हणजे ४ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या असतात, आणि त्या लहरींना पावसाचा त्रास नगण्य. म्हणून ढगफुटीतही केबलवर मालिका चालू राहते. उलट मार्च आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो, तेव्हा काही मिनिटं केबलवरही चित्र फाटतं. तेवढ्यासाठी तक्रार नोंदवू नका.

केबलचा शत्रू पाऊस नव्हे, पाण्याने गंजलेला सांधा. हेडएंडपासून फायबर गल्लीतल्या नोडपर्यंत, म्हणजे सिग्नल वाटणाऱ्या पेटीपर्यंत, येतं, तिथून अ‍ॅम्प्लिफायर, मग टॅप (घराकडे फाटा काढणारा जोड), मग घरात आरजी-६ वायर. खांबावरच्या टॅपमध्ये पाणी शिरलं की काही ठरावीक वाहिन्यांवरच चौकोन दिसतात, बाकीच्या स्वच्छ चालतात. कारण वाहिन्या वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीवर गठ्ठ्यांनी येतात आणि गंजलेला सांधा त्यातल्या काहींनाच जास्त दाबतो. तक्रार करताना ‘टीव्ही नीट दिसत नाही’ म्हणण्यापेक्षा कोणत्या क्रमांकाच्या वाहिन्या फाटतात ते सांगा, माणूस मीटर घेऊन येईल. मुंबईत ऑक्टोबर २०१२ अखेर आणि पुणे-नागपूर-नाशिकसारख्या शहरांत मार्च २०१३ अखेर सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले, पण अनेक जुन्या इमारतींच्या डक्टमध्ये त्याआधीची बारीक वायर अजून आहे. अ‍ॅनालॉगच्या काळात त्यावर मुंग्या दिसायच्या, आता थेट चित्रच अडकतं. शिवाय घरात स्प्लिटर लावून दोन टीव्ही जोडले असतील तर दोन फाट्यांच्या स्प्लिटरमध्येच साडेतीन-चार डेसिबल जातात. दुसरा टीव्ही बंद पडून असेल तर आधी तो स्प्लिटर काढून बघा.

आणि लाइट. घरात इन्व्हर्टर असेल तर छत्री बिनघोर चालते, कारण एलएनबीला लागणारे १३ किंवा १८ व्होल्ट बॉक्सच पुरवतो. केबलचा नोड आणि अ‍ॅम्प्लिफायर मात्र गल्लीतल्या विजेवर चालतात. त्यांना बॅकअप नसेल तर तुमचा इन्व्हर्टर कितीही मोठा असो, समोर ‘नो सिग्नल’ दिसणार. भारनियमनाच्या गावात हा एकच मुद्दा निर्णायक ठरावा. जोडणी घेण्याआधी शेजाऱ्यांना विचारा: लाइट गेल्यावर केबल चालते का?

छत्री बसवायची तर आधी दिशा बघा. मुंबईच्या अक्षांशावरून टाटा प्लेचा ८३ अंश पूर्वेचा उपग्रह दक्षिण-आग्नेयेला, होकायंत्रावर साधारण १५१ अंशांवर आणि क्षितिजापासून ६५ अंश उंच दिसतो. दूरदर्शनच्या मोफत डीडी फ्री डिशचा ९३.५ अंशांचा जीसॅट-१५ सुमारे १३१ अंशांवर, ५७ अंश उंच. १०८.२ अंशांवरच्या एसईएस-७ उपग्रहाकडे बघणारी एअरटेलची छत्री ११५ अंशांच्या आसपास, जेमतेम ४४ अंश उंच. म्हणजे पूर्वेला उंच टॉवर किंवा माजलेलं नारळाचं झाड असेल तर एअरटेलला अडचण आधी येईल, टाटा प्लेला कदाचित येणारही नाही. खिडकीच्या ग्रिलवर छत्री लावणाऱ्यांनी हे पैसे भरण्याआधी तपासावं. छत्री डोळ्याला दिसते त्यापेक्षा बरीच वर ‘बघत’ असते, कारण तिचा आकारच ऑफसेट असतो. त्यामुळे ती समोरच्या कठड्याकडे रोखलेली वाटली तरी घाबरू नका.

बसवताना चार गोष्टींवर उभं राहून लक्ष द्या. खांब ओळंब्यात हवा. पाया गच्चीच्या स्लॅबमध्ये फास्टनर ठोकून पक्का हवा. नुसत्या विटा ठेवून उभी केलेली छत्री पहिल्या वादळात फिरते. एलएनबीच्या कनेक्टरपाशी वायरीला खाली झोळ द्यायला सांगा, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं, कनेक्टरमध्ये शिरत नाही. आणि कनेक्टरवर रबरी बूट किंवा चांगली टेप हवी. दोन पावसाळ्यांनी सिग्नल गेला तर नवीन एलएनबी घेण्याआधी कनेक्टर उघडून बघा. आतलं तांबं काळं पडलं असेल तर वीतभर वायर कापून नवा एफ कनेक्टर लावला की बहुतेक वेळा काम होतं. काम करताना बॉक्सचा प्लग काढून ठेवा.

दुरुस्तीला कोण येतं, यात केबल पुढे. चांगला केबलवाला त्याच संध्याकाळी मुलगा पाठवतो, बहुधा भेटीचे पैसेही घेत नाही. छत्रीला कॉल सेंटर, मग तिकीट, मग ‘तंत्रज्ञ उद्या दहा ते दोन’, आणि वर भेटीचं शुल्क. पण छत्रीवाला वाहिनीवाल्यांशी भांडून तुमचं चित्र बंद करण्याची शक्यता कमी. फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या दरांवरून मोठ्या केबल कंपन्या आणि वाहिनीवाले अडून बसले, तेव्हा काही दिवस अनेक केबल घरांत झी, स्टार, सोनीच्या वाहिन्या गायब होत्या. छत्रीवाल्यांकडे चालू होत्या. गंमत म्हणजे सरकारला महसुलाच्या ८ टक्के परवाना शुल्क भरतात ते डीटीएचवाले, केबलवाल्यांना ते नाही. तरी ग्राहकाच्या बिलात तो फायदा शोधून सापडत नाही.

डीडी फ्री डिशला महिन्याचं बिलच नाही. छत्री आणि बॉक्स एकदा विकत घ्यायचा. एमपीईजी-४ बॉक्सच घ्या, जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर वाहिन्या कमी दिसतात. सह्याद्री, बातम्या, जुने हिंदी-मराठी चित्रपट यावर ज्यांचं भागतं त्यांना हे पुरेसं आहे. पण झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांच्या संध्याकाळच्या मालिका त्यावर नाहीत, आणि खासगी वाहिन्या लिलावाने येतात-जातात. शेतघरावर, दुकानात किंवा मुलांना मालिका-क्रिकेट मोबाइलवर बघायची सवय असलेल्या घरात आधी हेच बसवावं.

बदल करायचाच असेल तर क्रम पाळा. एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्याकडे चालत नाही, त्यामुळे जुना बॉक्स भाड्याचा होता की विकतचा हे आधी कागदावर तपासा. भाड्याचा असेल तर तो परत करून अनामत मागा आणि पोच घ्या. छत्रीवरून छत्रीवर जाताना जुना खांब, वायर आणि बहुतेकदा छत्रीसुद्धा वापरता येते, फक्त दिशा आणि कधी एलएनबी बदलावी लागते. तंत्रज्ञ नवीन खांबाचे पैसे मागत असेल तर हे त्याला सांगा. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी सहा महिने किंवा वर्षाचा पॅक केबलवर भरू नये. घर बदललं की छत्री सोबत नेता येते, केबलवाला मात्र त्या गल्लीचाच राहतो.