ऑइल हीटर, नाशिकची थंडी आणि घरात दोन लहान मुलं : एका हिवाळ्याचा अनुभव

नोव्हेंबरमध्ये घेतलेला ११ फिनचा (फिन म्हणजे तापणाऱ्या उभ्या पत्र्याच्या पट्ट्या) ऑइल हीटर आता पुसून, कापड टाकून माळ्यावर जायच्या तयारीत आहे, म्हणून म्हटलं सगळं डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकावं. कोणत्या कंपनीचा ते लिहित नाही कारण या प्रकारातले सगळे थोड्याफार फरकाने सारखेच असतात. घरात अडीच वर्षांची लेक आणि ऑक्टोबरात झालेला मुलगा, म्हणजे पूर्ण हिवाळा बाळंतपणात गेला असं समजा. आम्ही नाशिकला राहतो. निफाडचा पारा इतका उतरला, तितका उतरला अशा बातम्या दरवर्षी वाचता ना, ते निफाड इथून तासाभराच्या आत. द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवून बसतात तेव्हा आम्ही इकडे कोटा फरशीच्या घरात दोन दोन मोजे घालून फिरत असतो.

आधी हे सांगते की आपल्याकडची घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली असतात. फरशी गार, स्लायडिंग खिडक्यांना फटी, दाराखाली बोटभर जागा, भिंती रात्रभर थंडी धरून ठेवतात. त्यामुळे हीटर घेतला की घर उबदार होईल असं डोक्यात असेल तर काढून टाका, तो घर गरम करत नाही, तो एक खोली गरम करतो, तीही दार बंद असेल तर. आमची बेडरूम १० बाय १२ ची, जानेवारीत सकाळी सहाला आत १७ अंश असायचं (छोटं डिजिटल थर्मामीटर लावलंय, त्यात आर्द्रता पण दिसते, हीटर घ्याल तर हे नक्की घ्या) आणि पाऊण तासात ते २१ पर्यंत यायचं. पण हे सुद्धा दाराखाली जुना टॉवेल गुंडाळून ठेवायला लागल्यावर. त्याआधी १९ च्या पुढे काटा जातच नव्हता. टॉवेल फुकटचा आणि हीटर दहा हजाराच्या घरातला, आता काय बोलायचं!

हाच प्रकार का घेतला तर लेकीमुळे. हॅलोजनवाले हजार बाराशेला मिळतात, लगेच ऊब देतात, पण त्या लाल नळ्या बघून अडीच वर्षांचं पोर तिकडेच हात घालणार हे लिहून ठेवा. ब्लोअर पटकन गरम करतो पण आवाज करतो आणि हवा सरळ अंगावर फेकतो, बाळाचं नाक आधीच चोंदलेलं असतं. ऑइलवाल्यात काही पेटत नाही, काही लाल दिसत नाही, आतलं तेल सीलबंद असतं ते कधी बदलायचं किंवा भरायचं नसतं (दुकानात एक काका विचारत होते की यात गोडेतेल चालेल का, हसू नका, प्रश्न बरोबरच आहे, सांगत कोण नाही). तेल हळू तापतं आणि हळू गार होतं, म्हणजे बंद केल्यावरही बराच वेळ खोली धरून राहते. त्याचाच तोटा असा की बटण दाबलं की ऊब हवी असेल तर हा तुमच्या कामाचा नाही, अर्धा तास आधी आठवण ठेवून लावावा लागतो.

लावायचा कुठे हा मोठा विषय आहे आणि यावर कोणी बोलत नाही. आमचा फुल्लवर २५०० वॅट घेतो, म्हणजे साधारण ११ अँपिअर. मोबाईल चार्जर लावतो ते साधं सॉकेट ६ अँपिअरचं असतं, त्यात हा लावायचाच नाही, एक्स्टेंशन बोर्डवर तर अजिबात नाही, बोर्ड वितळतात. बेडरूममध्ये १६ अँपिअरचा पॉइंट फक्त एसीचा होता आणि एसीचा पॉइंट असतो छताजवळ, हीटरची वायर जेमतेम दीड मीटर. वायर वरून लोंबकळतीये आणि खाली पोरगी टपून बसलीये असं दृश्य नको होतं, म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलवून हीटर यायच्या आधीच कपाटाच्या बाजूला खाली नवीन पॉइंट काढून घेतला, जाड वायर टाकून, आणि सॉकेटला शटरवालं झाकण. हा खर्च पण हीटरच्या किमतीत धरा. आणि गिझर चालू असताना हा फुल्लवर लावला की आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये एमसीबी (लोड जास्त झाला की वीज आपोआप तोडणारा स्विच) पडतो, त्यामुळे सकाळचं टाइमटेबल असं झालं की आधी हीटर, मग हीटर हजारवर आणून गिझर.

बिलाचं सगळे विचारतात. हिशोब सोपा आहे, १००० वॅट सलग तासभर चालला तर एक युनिट. १५०० वर दोन तास म्हणजे जास्तीत जास्त तीन युनिट, आणि थर्मोस्टॅट (ठरवलेलं तापमान आलं की हीटर आपोआप बंद-चालू करणारा भाग) मध्ये मध्ये बंद करतो म्हणून त्याहून कमीच. महावितरणचे स्लॅब १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात, तुमचा महिन्याचा वापर आधीच २८० युनिटच्या आसपास असेल तर हीटरमुळे वरचे युनिट पुढच्या महाग दराने लागतात, खरा चटका तिथे बसतो. हिवाळ्यात एसी आणि पंखे बंद असतात म्हणून आमचं तरी उन्हाळ्यापेक्षा कमीच आलं.

आता घरातलं राजकारण. सासूबाईंचं म्हणणं पहिल्यापासून एकच, "अगं, शेगडी ठेव खोलीत, कोळसा कशाला विकत आणायचाय, मी आणते ना गावाहून. आम्ही काय मुलं वाढवली नाहीत?" वाढवली आई, पण तेव्हाच्या घरात वर कौलं होती, फटीतून धूर निघून जायचा. बंद फ्लॅटमध्ये कोळसा धुमसत ठेवला की कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला रंग नाही वास नाही, आणि झोपेत कळतसुद्धा नाही. दर हिवाळ्यात कुठून ना कुठून अशी बातमी येतेच. ओव्याची धुरी पण आमच्या डॉक्टरांनी सरळ बंद करायला सांगितली, एवढ्याशा फुप्फुसांना धूर नको म्हणाले. सासूबाई दोन दिवस गप्प होत्या. मग एका सकाळी बघते तर स्वतःच हीटरसमोर पाट घेऊन बसलेल्या, मांडीवर नातू, आणि म्हणतायत, "वास नाही येत हो याला." त्यानंतर बिल्डिंगमधल्या बायकांना तोच मुद्दा त्या समजावून सांगायला लागल्या.

त्याच बायकांकडून आलेला दुसरा प्रकार म्हणजे "हीटर ऑक्सिजन खातो". विजेच्या हीटरमध्ये काही जळतच नाही तर खाणार काय? होतं असं की हवा गरम झाली की तिची आर्द्रता कमी भरते, खोली कोरडी पडते, म्हणून घसा सुकतो आणि सकाळी नाकात खपल्या. आमच्या मीटरवर ५० चं ३५ व्हायचं. उपाय म्हणून ओला पंचा खुर्चीवर टाकून ठेवायचा, हीटरवर नाही, हे लक्षात ठेवा. फिनवर लंगोट वाळत घालायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला, पण वर कापड टाकलं की उष्णता कोंडते, मशीनवरच झाकू नका अशी खूण छापलेली असते ती उगाच नाही.

हीटरचा खरा उपयोग एकाच वेळी झाला, मालिशच्या वेळी. मालिशवाल्या मावशी साडेसातला यायच्या आणि दारातूनच विचारायच्या, "ताई, डबा लावला का? मग काढते बाळाला." (डबा म्हणजे हीटर.) एवढंसं पोर उघडं करायचं, तेल लावायचं, बाथरूममध्ये अंघोळ (हीटर बाथरूममध्ये नेऊ नका हे सांगायला लागू नये पण सांगते), मग पंचात गुंडाळून परत खोलीत, टाळू पुसायची, झबलं, दुपटं. यात मधली ती दहा पावलं असतात ना, पूर्वी लेकीच्या वेळी तिथेच ती रडून निळी व्हायची. हा पठ्ठ्या गरम खोलीत आला की रडणं अर्धवट सोडून जांभई द्यायचा. एक मजेशीर गोष्ट, खोबरेल तेल साधारण २४ अंशाला वितळतं, त्यामुळे खोली २१ ला आली तरी बाटलीतलं तेल पांढरं घट्टच राहतं आणि घरातले म्हणतात बघा अजून थंडीच आहे, वाढव हीटर. वाढवू नका. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवा. तेल आपोआप पातळ होईल इतकी खोली तापली तर कपडे घातलेल्या बाळाला ती जास्तच होते.

जास्त गरम होणं हा प्रकार आम्हाला थंडीपेक्षा जास्त बघावा लागला. आजी मंडळी तळहात चाचपून बघतात, गार लागले की अजून एक स्वेटर, त्यावर टोपडं, त्यावर कुंची. बाळाचे हातपाय गारच असतात, मानेमागे हात घालून बघायचं, घाम असेल तर एक थर काढायचा. झोपताना टोपडं काढायचं आणि सैल गोधडी तोंडावर येईल अशी द्यायची नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. म्हणून रात्री आम्ही हीटर झोपायच्या आधी तासभर लावायचो आणि झोपलो की बंद, रात्रभर कधीच चालवला नाही. दोनच्या फीडिंगला खोली बऱ्यापैकी गार झालेली असायची, तेव्हा मी शाल घेऊन बसायचे, बाळ अंगाशीच असतं त्याला काही फरक पडत नाही, पडतो तो मला. पाठीवर थंडी आणि समोर हे गरम गाठोडं.

लेकीचं आणि हीटरचं नातं वेगळंच. त्याला खाली चाकं आहेत, त्यामुळे तो तिच्या दृष्टीने गाडी. गार असताना ढकलत हॉलपर्यंत नेऊन आली एकदा, वजन बारा किलोच्या वर, तरी. चाकांना लॉक नाहीये, ही या मॉडेलची सगळ्यात मोठी चूक आहे आणि यासाठी मी एक स्टार सरळ कापते. पडला तर बंद होण्याचा स्विच आहे, तो मुद्दाम तिरका करून तपासला, चालतो. बाहेरचे फिन हॅलोजनसारखे जाळत नाहीत पण फुल्लवर हात ठेवला तर चटका बसतोच, लहान मुलांची कातडी पातळ, म्हणून पलंग आणि कपाटाच्या मध्ये कोपऱ्यात ठेवून पुढे बेबी गेट आडवं लावलं, हातभर अंतर सोडून. तरी ती गेटपाशी उभी राहून स्वतःच स्वतःला दम द्यायची, "हाऽऽ आहे, ताई हात नाही लावत, बाळू हात नाही लावत." बाळू तेव्हा मान पण धरत नव्हता.

आवाज नाही असं जाहिरातीत म्हणतात, पंख्याचा नाही हे खरं. पण थर्मोस्टॅट टक्क करतो आणि तापताना पत्रा मधूनच टिंग वाजतो. ज्यांची पोरं झाडलोट चालू असतानाही झोपतात त्यांना काही नाही, आमच्याकडे मोठ्या मुश्किलीने डोळा लागलेला असताना तो टक्क ऐकला की माझाच श्वास थांबायचा. लाल दिवा रात्री डोळ्यात येतो, त्यावर चिकटपट्टी. पहिले काही दिवस रंग तापल्याचा वास येतो, तेव्हा खिडकी उघडून मुलं नसताना चालवून घ्या. एक चाक तुटूनच आलं होतं, कस्टमर केअरने "तुमची तक्रार नोंदवली आहे" हे वाक्य इतक्यांदा ऐकवलं की शेवटी नवऱ्याने हार्डवेअरच्या दुकानातून चाक आणून बसवलं.

हीटरने काय झालं नाही ते पण लिहिते. सर्दी थांबली नाही. लेक प्लेग्रुपमधून शेंबूड घेऊन यायची, आल्या आल्या बाळाची पापी घ्यायची, तिसऱ्या दिवशी तो सूं सूं. यावर खोलीचं तापमान काही करू शकत नाही, बाहेरून आल्यावर हात धुणं आणि नाकात सलाइनचे थेंब एवढंच. आल्याचा रस आणि मध लेकीला चालायचं, बाळाला एक वर्षापर्यंत मध चाटवायचाही नाही, हे पण सासूबाईंना सांगून झालं. बोरन्हाण मात्र आम्ही त्याच खोलीत केलं, काळं झबलं, हलव्याचे दागिने, सगळ्या पोरांना आत कोंबून. एवढी माणसं आत आल्यावर हीटरची गरजच राहिली नाही, बंद करून वरच्या कपाटावर चढवला कारण बोरं लुटायला पोरं कुठेही घुसतात. बोरं आणि चुरमुरे मात्र छोट्यांच्या तोंडात जाणार नाहीत याकडे एक मोठं माणूस नुसतं बसवून ठेवा.

घेऊ का असं विचाराल तर पुण्या-नाशकात घरात तान्हं बाळ असेल तर घ्या, साडेतीन स्टार. मुंबईत कशाला हवाय. घेताना ९ फिन लहान खोलीला पुरतात, टायमरवाला मिळाला तर तोच घ्या, पहाटे उठून बटण दाबायला जाणारी व्यक्ती शेवटी आईच असते. चाकांना लॉक आहे का ते दुकानात हाताने ढकलून बघा. आणि बघायचं तर दिवाळीच्या आसपास बघा, डिसेंबरात पारा उतरला की किंमत चढते आणि चांगले मॉडेल संपलेले असतात.