गुठळीनंतरच्या हाताची मोजणी: जळगावातील एक तपासणी सेवा आणि ‘डॅश’ प्रश्नावली

हाताच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन गेलेल्या माणसाला काही महिन्यांच्या औषधांनंतर ‘रिपोर्ट चांगला आहे’ असे सांगितले जाते, आणि तरीही त्या हाताने पूर्वीचे काम होत नाही. किती होत नाही, हे मोजून कागदावर मांडणारी सेवा जळगाव शहरातील एका फिजिओथेरपी केंद्रात मिळते. माझ्या वहिनींसाठी आम्ही ती घेतली. केंद्राचे नाव न देता मी येथे प्रामुख्याने तपासणीच्या पद्धतीविषयी लिहीत आहे, कारण हीच साधने धुळे-नंदुरबारकडील कोणत्याही प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टला वापरता येतील.

वहिनी अमळनेर तालुक्यात लग्नकार्यांसाठी पुरणाचे मांडे करून देतात. पुरण भरलेली सैल कणीक दोन्ही हातांवर घेऊन, कोपरे खांद्याच्या उंचीपर्यंत उचलून, मनगटापासून कोपरापर्यंत फिरवत फिरवत ती वाढवायची आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकायची, असे ते काम असते आणि लग्नसराईत ते पहाटेपासून चालते. अशाच एका हंगामात त्यांचा उजवा हात खांद्यापासून सुजला आणि निळसर पडला. डॉपलर सोनोग्राफीत काखेजवळच्या मुख्य शिरेत गुठळी आढळली. गळ्याजवळचे आडवे हाड आणि पहिली बरगडी यांच्या अरुंद फटीतून ही शीर जाते. हात वर उचलून वारंवार श्रम केल्यास ती तेथे चेपली जाते आणि काहींच्या बाबतीत तिच्यात गुठळी धरते. लंडनच्या जेम्स पॅजेट यांनी १८७५ मध्ये आणि व्हिएन्नाच्या लिओपोल्ड फॉन श्रोटर यांनी १८८४ मध्ये या विकाराचे वर्णन केले, म्हणून तो त्या दोघांच्या नावाने ओळखला जातो. कर्करोग, केमोथेरपी किंवा डायलिसिससाठी मोठ्या शिरेत घातलेली नळी आणि पेसमेकरची तार ही हातातील गुठळीची याहून अधिक आढळणारी कारणे आहेत.

खोल शिरांतील एकूण गुठळ्यांपैकी साधारण ४ ते १० टक्केच हातात होतात, त्यामुळे अभ्यास बहुतेक पायाचाच झालेला आहे. गुठळी विरल्यानंतरही शिरेच्या झडपा निकामी राहणे किंवा वाट अर्धवट बंद राहणे, आणि त्यामुळे सूज, जडपणा व श्रमाने येणारा थकवा टिकून राहणे, याला गुठळीपश्चात विकार म्हणतात. हातातील गुठळीनंतर तो किती जणांना होतो, याविषयीच्या अभ्यासांचा २००६ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा हे प्रमाण ७ पासून ४६ टक्क्यांपर्यंत पसरलेले दिसले आणि भारित सरासरी १५ टक्के आली. आकड्यांत एवढी तफावत पडण्याचे एक मोठे कारण असे, की हातासाठी सर्वांनी मान्य केलेले एकच मोजमाप नाही.

केंद्रात तपासणीची सुरुवात टेपने होते. कोपराच्या टोकापासून वर आणि खाली १० सेंटिमीटरवर पेनाने खूण करून दोन्ही हातांचा घेर घेतला जातो, आणि पुढच्या प्रत्येक भेटीत तो त्याच खुणांवर व दिवसाच्या त्याच सुमारास घेतला जातो. वेळेचा हा आग्रह मला फार महत्त्वाचा वाटला, कारण विश्रांतीनंतर सकाळी उतरलेला हात संध्याकाळपर्यंत पुन्हा भरतो. उजव्या हाताने काम करणाऱ्या निरोगी माणसाचाही उजवा हात थोडा जाडच असतो, हे लक्षात घेऊनच फरक वाचावा, असेही फिजिओथेरपिस्टबाईंनी आपणहून समजावले.

त्यानंतर येते ‘डॅश’, म्हणजे हात, खांदा आणि पंजा यांच्या कामातील अडचणी मोजणारी प्रश्नावली. टोरोंटोची कार्य व आरोग्य संस्था आणि अमेरिकेतील अस्थिशल्यविशारदांची अकादमी यांनी मिळून १९९६ मध्ये ती तयार केली. मूळ प्रश्नावलीत ३० प्रश्न आहेत, तर २००५ च्या संक्षिप्त आवृत्तीत ११. प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण असतात. सरासरीतून १ वजा करून २५ ने गुणले की ० ते १०० मधला आकडा मिळतो आणि तो जितका मोठा तितकी अडचण जास्त. वहिनींच्या पहिल्या संक्षिप्त चाचणीत ११ उत्तरांची बेरीज ३८ झाली, म्हणजे सुमारे ६१ गुण. नंतरच्या एका भेटीत बेरीज २५ वर आली, म्हणजे सुमारे ३२. बाईंनी प्रश्न अहिराणीत, घाई न करता विचारले आणि ‘गेल्या आठवड्यात’ ही अट दर वेळी आठवून दिली. एका प्रश्नातील गॉल्फ-टेनिसच्या उदाहरणाजागी त्यांनी मुसळाने कांडण्याचे उदाहरण दिले. हातावर झटका बसणारे काम हा प्रश्नाचा मूळ हेतू त्यात सुटला नाही.

तरीही ६१ वरून ३२ ही घसरण मला जितकी दिलासादायक वाटायला हवी होती तितकी वाटली नाही, आणि त्याचे कारण प्रश्नावलीच्या सूचनेतच आहे. काम कोणत्या हाताने केले याला महत्त्व न देता ते करता येते की नाही एवढेच सांगा, अशी ती सूचना आहे. वहिनी तोवर डाव्या हाताने पिशवी उचलू लागल्या होत्या, झाकण डाव्या हाताने उघडू लागल्या होत्या. आकडा सुधारला तो बराचसा त्यामुळे. एकूण माणसाचे कसे चालले आहे हे डॅश प्रामाणिकपणे सांगते, पण उजव्या हाताचे काय झाले हे ती सांगत नाही. शिवाय सूज आणि जडपणा यांविषयी या प्रश्नावलीत एकही प्रश्न नाही, आणि वहिनींची मुख्य तक्रार तर ‘हात दुखत नाही, भरून येतो’ हीच आहे.

ही उणीव केंद्र विलाल्टा मापनाने, म्हणजे गुठळीपश्चात विकार ओळखण्याच्या गुणपद्धतीने, भरून काढते. वेदना, पेटके, जडपणा, मुंग्या व खाज ही पाच लक्षणे आणि सूज, त्वचेचा कडकपणा, काळपटपणा, लाली, फुगलेल्या शिरा व दाबल्यावर दुखणे या सहा खुणा, प्रत्येकी ० ते ३ गुण. एकूण ५ पासून विकार मानतात आणि १५ पासून तो तीव्र धरतात. हे मापन मुळात पायासाठी, पोटरी समोर ठेवून बनवलेले आहे. हातावर त्वचा काळी पडणे किंवा जखम होणे क्वचितच दिसते, त्यामुळे ज्या हाताने मांडा फिरवता येत नाही तो हातही या मोजपट्टीवर ‘सौम्य’ गटात बसतो. अहवालावरचा हा शब्द वाचून घरातील मंडळींनी वहिनींना पुन्हा कामाला लागण्याचा आग्रह धरू नये, म्हणून केंद्राने त्याखाली दोन ओळींचे स्पष्टीकरण छापायला हवे.

या सेवेतील सर्वांत उपयुक्त भाग ठरावीक तपासणीत नाही; तो मागून घ्यावा लागतो. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत उचलून, कोपरे वाकवून, तीन मिनिटे मुठींची उघडझाप करायला सांगतात, आणि आधी व नंतर पकडीची ताकद दाबमापकावर किलोमध्ये पाहतात. वहिनींची बसल्या जागची पकड दोन्ही हातांत जवळपास सारखी होती. उघडझाप सुरू झाल्यावर मात्र काही वेळातच उजवा तळवा जांभळट झाला, खांद्यावरून छातीकडे जाणाऱ्या शिरा दोरीसारख्या वर आल्या, आणि तीन मिनिटे पूर्ण होण्याआधीच हात आपोआप खाली आला; लगेच घेतलेली पकड स्पष्टपणे कमी भरली. मांडे करताना नेमके हेच होते. ही चाचणी प्रत्येक रुग्णाच्या अहवालात असावी, आणि ११ प्रश्नांऐवजी पूर्ण ३० प्रश्न विचारले जावेत, अशी माझी केंद्राला आग्रहाची सूचना आहे. डोक्यावरच्या फळीवर वस्तू ठेवणे, जड वस्तू वाहून नेणे आणि हातातील अशक्तपणा हे प्रश्न मोठ्या आवृत्तीतच आहेत. कोणत्याही आवृत्तीसोबत व्यवसायाविषयीचे चार जादा प्रश्नही जोडता येतात, आणि हातावर पोट असलेल्यांसाठी तेच सर्वांत मोलाचे आहेत.

एक तक्रारही नोंदवतो. पहिल्याच भेटीत स्वागतकक्षातून दाबाची बाही विकत घेण्याचा आग्रह झाला. हातातील ताज्या गुठळीनंतर अशी बाही सरसकट घालावी, अशी शिफारस नाही. विकार टिकून राहिल्यास ती वापरून पाहता येते. बाईंना विचारल्यावर त्यांनी हेच सांगितले आणि खरेदी पुढे ढकलायला लावली. त्यांच्या प्रामाणिकपणाचे मला कौतुक वाटते, पण स्वागतकक्षाला ही समज असणे आवश्यक आहे.

शुल्क आमच्यासारख्या शेतकरी कुटुंबाला झेपण्याजोगे आहे. येथील अहवाल दिव्यांग प्रमाणपत्राच्या जागी चालत नाही, हे आधीच समजून घ्यावे. २०१६ च्या कायद्यानुसार सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते, ते शासनाने नेमलेले वैद्यकीय प्राधिकारीच ठरवतात, आणि हाताच्या मूल्यमापनात सांध्यांची हालचाल, स्नायूंची ताकद व हालचालींतील समन्वय पाहिला जातो. श्रमाने भरून येणारा हात तेथे बसल्या जागी तपासला गेला तर जवळजवळ निरोगी दिसू शकतो. म्हणून तीन मिनिटांच्या चाचणीची नोंद सोबत नेऊन डॉक्टरांसमोर ठेवावी, असे मला वाटते.

तपासणीला जाताना डॉपलरचे सर्व अहवाल आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांची चिठ्ठी न्यावी. गुठळीनंतर किमान तीन महिने, शक्यतो सहा महिने झाल्यावरचा आकडाच कायमचा त्रास म्हणून धरावा. त्याआधीची मोजणी पुढील तुलनेसाठी जपून ठेवावी. हात नव्याने सुजला, किंवा अचानक दम लागून छातीत दुखू लागले, तर या केंद्राची वेळ घेत बसू नये, तडक रुग्णालय गाठावे.